संशोधकांचे गुरू : डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये

भारतीय समाजशास्त्राची पायाभरणी करणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे झाला. मूळ विषय संस्कृत. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते एम. ए. झाले. १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू केला व विद्यापीठाने या होतकरू तरुणास शिष्यवृत्ती देऊन विलायतेस पाठविले. लंडनहून ते केंब्रिजला डॉ. रिव्हर्स यांच्याकडे गेले. मनाजोगा गुरू लाभला. पण जून १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले. परका देश, प्रबंध हाती आणि मार्गदर्शक नाही! अशा वेळी डॉ. हॅडन यांनी त्यांना आधार दिला व काम तडीस गेले. संशोधकाचे पोरकेपण घुर्ये यांनी असे स्वतः भोगले होते.

१९२४ पासून १९५९ पर्यंत ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली सुमारे ८० प्रबंध सिद्ध झाले. एका माणसाने इतके प्रबंध तपासणे, हे एखाद्या पेढीच्या साठ वर्षांच्या वह्या एकट्याने तपासण्यासारखेच म्हणावे लागेल. स्वतः ते ग्रंथांत रमणारे, परंतु शिष्यांना मात्र गावोगावी व आदिवासी पाड्यांवर धाडीत. इरावती कर्वे यांनी चित्पावनांवरील प्रबंध १९२८ साली त्यांच्याकडेच केला. अ. र. देसाई मार्क्सवादी, गुरूंची वाट निराळी. तरीही राष्ट्रवादावरील त्यांचा प्रबंध घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली पूर्ण झाला व १९४८ मध्ये ग्रंथरूपाने आला.

स्वभाव मात्र करडा होता, हे लपविण्याचे कारण नाही. एम. एन. श्रीनिवास यांना कूर्ग लोकांचा विषय त्यांनीच सुचविला. पुढे श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले, तीच सामग्री त्यांनी तेथील नव्या दृष्टीने मांडली, १९५२ साली ग्रंथ निघाला आणि कीर्ती झाली. गुरुशिष्यांत दुरावा आला. दोष एकाच्याच पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. शिष्याने आपली वाट धरणे हे गुरूस जड जाते, आणि धाक सोसलेल्या शिष्यास ते ऋण मोकळेपणाने मानणे जड जाते.

निवृत्तीनंतरही घुर्ये लिहीत राहिले. २८ डिसेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. ते निवृत्त झाले त्याच १९५९ साली दिल्ली विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला. तो उभारणारे होते श्रीनिवास.