पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर

रायपूरच्या ज्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाचे आवार आहे तेथे, अथवा मराठी माणूस मराठी माणसाला घराण्यासकट ओळखतो अशा कोणत्याही वस्तीत, घरचा कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला हे लपविण्यातच एखाद्या भगिनीचे आयुष्य सरते. पाळकसाहेबांना सांगावे तर मंडळीत बभ्रा होईल. मद्यपींच्या सभेचा पत्ता विचारावा तर कोणी ऐकेल. अमेरिकेतील अॅक्रन शहरी एका शल्यचिकित्सकाच्या घरातही हीच भीती वर्षानुवर्षे वास करून होती. डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ हे त्यांचे नाव. जग त्यांना डॉ. बॉब म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी व्हर्मांट राज्यात एका धर्मशील घरात झाला. वडील न्यायाधीश होते. उपासना, शब्बाथ शाळा, प्रार्थनासभा यांसाठी आठवड्यातून अनेकदा मंदिरात जाण्याची मुलावर सक्ती असे. मोठेपणी मंदिराची पायरी चढायची नाही, असा निश्चय त्याने बालपणीच केला आणि पुढे तो बराच काळ पाळलाही! (आपल्या घरांतील सक्तीचाही विचार वाचकांनी करावा.) महाविद्यालयात दारूची गाठ पडली. वैद्यकीचे शिक्षण तिच्यापायी मोडता मोडता १९१० मध्ये पुरे झाले. १९१५ मध्ये अॅन रिप्ले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, तेव्हा आता आपण सुटलो असे त्यांना वाटले. परंतु डॉक्टरांना औषधासाठी मद्य मिळण्याची सोय कायद्यातच होती. बाटल्या कोळशाच्या पेटीत, पायमोज्यांत, जेथे जागा सापडेल तेथे दडविल्या जात. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून गुंगीची औषधे घ्यायची, आणि त्याच हातांनी शस्त्रक्रिया करायची.

१९३३ च्या सुमारास पत्नीच्या आग्रहावरून ते ऑक्सफर्ड गट नावाच्या ख्रिस्ती मंडळाच्या सभांना जाऊ लागले. अडीच वर्षे त्यांनी पवित्र शास्त्र वाचले, प्रार्थना केली, सज्जनांच्या संगतीत बसले. आणि या साऱ्या काळात पीतही राहिले. १९३५ च्या वसंतात एका सभेत त्यांनी आपले गुपित उघड केले. सर्वांनी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. दारू मात्र सुटली नाही.

त्याच मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अॅक्रनला आले. त्यांची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात ते एकटे उभे होते. एका बाजूला मद्यगृहातील हास्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला भिंतीवर मंदिरांची यादी आणि दूरध्वनी. आपण वाचायचे तर दुसरा मद्यपी शोधून त्याच्याशी बोललेच पाहिजे, हे त्यांना उमगले होते. त्यांनी यादीतील वॉल्टर टंक्स या पाळकांना फोन केला. पाळकांनी काही नावे दिली. एकामागून एक फोन करता करता अखेरीस हेन्रिएटा सायबरलिंग या बाई सापडल्या आणि त्यांनी स्मिथ दांपत्याला बोलाविले. पण त्या शनिवारी डॉक्टर अॅनबाईंसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन आले, ती मेजावर ठेवली आणि नशेत जाऊन पडले!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, १२ मे रोजी ते आले ते पंधरा मिनिटेच थांबण्याच्या अटीवर. सायंकाळी पाचला सुरू झालेले बोलणे रात्री अकरानंतर संपले. विल्सन यांनी उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. मदत करायला आलेल्या माणसालाच आपली गरज आहे, हे डॉक्टरांना त्या रात्री प्रथमच कळले. मंडळीच्या प्रार्थना वाया गेल्या असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे उत्तर एका मद्यप्याच्या रूपाने दारी आले, हे आपण पाळकांनी व वडीलमंडळींनी नीट ध्यानात घ्यावे.

तरीही एकदा घसरण झालीच. जूनमध्ये वैद्यकीय परिषदेहून ते झिंगून परतले. १० जून १९३५ रोजी शस्त्रक्रिया होती. हात स्थिर राहावा म्हणून विल्सन यांनीच त्यांना बीअरची बाटली दिली. ती शेवटची. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर कित्येक तास घरी आले नाहीत. ज्यांना दुखविले, ज्यांचे देणे होते, त्यांच्या दारोदार ते क्षमा मागत फिरत होते. त्याच महिन्यात दोघांनी रुग्णालयात खाटेवर पडलेल्या एका वकिलाला गाठले, आणि दोघांचे तीन झाले. अॅनबाईंचे घर येणाऱ्यांसाठी उघडे झाले. सकाळी तेथे शास्त्रवाचन चाले. याकोबाचे पत्र या मंडळींचे विशेष आवडते. १९३९ मध्ये त्यांच्या पुस्तकावरून संघटनेला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे नाव रूढ झाले. त्याच वर्षापासून सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्या साहाय्याने डॉक्टरांनी सुमारे पाच हजार मद्यपींवर उपचार केले आणि त्यांच्याकडून फी घेतली नाही.

भारतात हे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले. पुष्कळ ठिकाणी सभा मंदिराच्या किंवा शाळेच्या खोलीतच भरते. तेथे आडनाव विचारीत नाहीत, वर्गणी सक्तीची नाही, पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन या निराळ्या सभा असतात. सभेचा पत्ता ठाऊक नसेल तर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, किंवा १४४४६ या शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. एका फोनने काम न झाले तर दुसरा करा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांना न विचारता एकाएकी तोडू नका. त्यात जिवाला धोका असतो.

अॅनबाई १९४९ च्या जूनमध्ये प्रभूकडे गेल्या. कर्करोगाने खंगलेले डॉक्टर जुलै १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात काही मिनिटे बोलले, आणि १६ नोव्हेंबरला त्यांनीही देह ठेवला. अॅक्रनच्या माउंट पीस दफनभूमीत पतिपत्नींची कबर शेजारी शेजारी आहे. तेथे आजही लोक येतात आणि दारू सुटलेल्या वर्षांची नाणी ठेवून जातात. दगडावर संघटनेचा उल्लेख नाही.