आधी मास्तर घडवला

वाडीवर शाळा काढणे तसे अवघड नाही. देवळाची ओवरी झाडून घेतली, फळा टांगला की शाळा झाली. घोडे अडते ते मास्तरपाशी. बाहेरून आलेल्या मास्तरचे मन तिथे रमत नाही, आणि राहिला तरी गुरांमागे जावे लागते म्हणून गैरहजर असणाऱ्या पोराला तो ढ ठरवून मोकळा होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही गाठ नेमकी ओळखली होती.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करायचे नाकारले आणि बोर्डिंग सुटले. शिक्षण इंग्रजी सहावीपुढे गेले नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याचे घर त्यांनी कागदावर नव्हे, ओसरीवर बसून पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि कष्टाची कामे स्वतः करत. ही चूल पेटती ठेवण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राहिले नाही. १९३० मध्ये त्या गेल्या.

१९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. इथे खेड्यातल्या मुलांमधूनच खेड्याचे शिक्षक घडू लागले. पाठ कसा घ्यावा हे कोणतेही ट्रेनिंग कॉलेज शिकवते. पण ज्याच्या घरात आजवर पाटी आलेली नाही, त्या पोराची लाज आणि भूक ओळखायला पुस्तक पुरत नाही. त्यासाठी एका पंगतीत जेवावे लागते. संस्थेच्या ५७८ व्हॉलंटरी शाळा वाड्यावस्त्यांवर उघडल्या, त्या अशा मास्तरांच्या भरवशावर. पुढे माध्यमिक शिक्षकांसाठी १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले.

बँकेतल्या नोकरीत आम्ही आधी तारण पाहत असू, मग माणूस. भाऊरावांचा व्यवहार उलटा होता. ज्यांच्यापाशी तारण ठेवायला काहीच नव्हते, त्यांनाच त्यांनी संस्थेचे भांडवल मानले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने या सहावी शिकलेल्या माणसाला डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

आजही दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि कित्येक शाळांतले बाक रिकामे होतात. वैशाखात ती मुले परततात, तेव्हा वर्गात त्यांना कोण भेटते यावर त्यांचे पुढचे आयुष्य ठरते. हजेरीवर लाल रेघ ओढणारा मास्तर तेव्हा उपयोगाचा नाही. मागे राहिलेला अभ्यास कुठून उचलायचा, हे मुलाला न लाजवता विचारणारा हवा. तो आपोआप मिळत नाही, घडवावा लागतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी एकदा साताऱ्याची ती पंगत आठवावी.