सुरांचे सेवक रिचर्ड टाउबर

शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला गवई लोकरंजनाच्या नाटकांत उतरला म्हणजे त्याची विद्या बाटली, असें कित्येक जाणकार म्हणत आलेले आहेत. ऑस्ट्रियाचे विख्यात टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष-गायक, रिचर्ड टाउबर यांचें चरित्र पाहिलें असतां हा समज टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

टाउबर यांचा जन्म ता. १६ मे १८९१ रोजीं लिंझ शहरीं झाला. आई व वडील दोघेंही रंगभूमीवर वावरणारीं होतीं. पित्याचें घराणें मूळचें यहुदी; रिचर्ड मात्र कॅथॉलिक संस्कारांत वाढले. मुलानें धर्मगुरु व्हावें अशी पित्याची इच्छा होती. परंतु मुलाचें मन रंगभूमीकडेच ओढ घेई. फ्रांकफुर्ट येथें संगीताचें शिक्षण घेतल्यावर त्यांनीं कार्ल बाइनेस ह्या गुरूंजवळ गळा तयार केला. १९१३ सालीं केम्निट्झ येथें मोझार्टच्या ‘जादूची बांसरी’ ह्या ऑपेऱ्यांत टामिनोची भूमिका करून ते प्रथम लोकांपुढें आले. लवकरच ड्रेस्डेनच्या राजकीय नाट्यगृहानें त्यांस पांच वर्षांच्या करारानें आपल्याकडे घेतलें. नवी भूमिका थोडक्या दिवसांत बसविण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. १९२६ सालीं पुच्चिनीच्या ‘टुरांडोट’चा जर्मनींतील पहिला प्रयोग अडतांच, ऐन वेळीं मुख्य भूमिका उचलून त्यांनीं तो तारून नेला.

पुढें फ्रान्झ लेहार ह्या संगीतकाराशीं त्यांचा स्नेह जडला. संवाद, नृत्य व गीतें यांनीं नटलेल्या हलक्याफुलक्या संगीत नाटकांस ऑपेरेटा म्हणतात. लेहार आपल्या ऑपेरेटांत एक गीत खास टाउबर यांच्या गळ्यासाठीं रची. १९२९ सालीं बर्लिनमध्यें ‘हास्याचा देश’ रंगभूमीवर आलें आणि त्यांतील त्यांचें गीत घरोघरीं पोहोंचलें. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. टाउबर मात्र हलक्या गीतासही मोझार्टच्या गायनाइतकीच निगा देत. उंच स्वर हळुवार लावण्याचें त्यांचें कसब दोहोंकडे एकच होतें.

हें वैभव टिकलें नाहीं. १९३३ सालीं बर्लिनमध्यें नाझी गुंडांनीं पित्याच्या वंशावरून त्यांस भर रस्त्यांत मारहाण केली. त्यांनीं जर्मनी सोडली. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रियाही गिळला आणि इंग्लंड हेंच त्यांचें घर झालें. १९४० सालीं ते ब्रिटिश नागरिक झाले. ‘हास्याचा देश’चे एक गीतकार फ्रिट्झ ल्योनर-बेडा यांचा १९४२ सालीं आउश्वित्झच्या छळछावणींत अंत झाला. तीं गीतें गातांना टाउबर यांस काय वाटत असेल, याची कल्पनाच करावी.

१९४७ सालीं व्हिएन्नाची ऑपेरा-मंडळी लंडनला आली. ता. २७ सप्टेंबर रोजीं टाउबर जुन्या सोबत्यांसह मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ मध्यें ओट्टाव्हियोची भूमिका गाइले. ह्या भूमिकेस दीर्घ श्वास लागतो. आणि त्यांचें एक फुप्फुस तर कर्करोगानें ग्रासलेलें होतें! लवकरच तें काढून टाकावें लागलें. ता. ८ जानेवारी १९४८ रोजीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, त्यांनीं लंडन येथें देह ठेविला.

मोझार्टपासून आरंभ झाला, मोझार्टपाशींच शेवट झाला. मधल्या काळांत लाखों सामान्य जनांस त्यांनीं आपला गळा मोकळ्या मनानें दिला. तरी शेवटच्या परीक्षेंत त्यांची विद्या तिळमात्र उणी भरली नाहीं. लोकांत वांटल्यानें विद्या बाटत नाहीं. सेवा प्रामाणिक असली म्हणजे झालें.