राजव्यवहारकोशाचे रघुनाथपंत हणमंते

पानशेतला सहलीस गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना तोरणा आणि राजगड हे किल्ले ठाऊक असतीलच. राजगड ही शिवाजी महाराजांच्या राज्याची पहिली राजधानी. त्या राज्याच्या कारभारासाठी नवी परिभाषा घडविण्याचे काम पुढे ज्यांच्याकडे आले, त्या रघुनाथ नारायण हणमंते यांची ही थोडक्यात ओळख.

हणमंते घराणे शहाजीराजांच्या चाकरीतले. वडील नारोपंत यांच्या मागून रघुनाथपंतांनी तंजावरला व्यंकोजीराजांचा कारभार पाहिला. तेथे पटेनासे झाले, तेव्हा ते महाराजांकडे आले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेनंतर जिंजीकडील मुलूख त्यांच्याकडे सोपविण्यात आला.

तोपर्यंत मराठी दप्तर फारसी-अरबी शब्दांनी भरलेले होते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव आणि वाकनिसाला मंत्री ही नावे मिळाली. हेच काम पुढे नेण्यासाठी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी धुंडिराज व्यास या पंडिताच्या साहाय्याने राजव्यवहारकोश सिद्ध केला. त्यात दहा वर्ग असून सुमारे १४०० शब्द आहेत. प्राचीन संस्कृतातून घडविलेली ही जणू एक नवीच भाषा होय.

आपल्यापैकी काहींना यात फारसीचा द्वेष दिसेल. मला तसे वाटत नाही. महाराजांचा फारसी पत्रव्यवहार काझी हैदर पाहत असत, आणि ज्याला फारसी नीट येत नाही त्याच्याकडून असा कोश होणारच नाही. शिवाय प्रत्येक नव्या शब्दाशेजारी जुना शब्द द्यावाच लागला. त्यामुळे सतराव्या शतकातील मराठीत कोणते फारसी शब्द रुळले होते, हे पाहण्यासाठी अभ्यासक आज हाच कोश उघडतात! फारसी काढण्यासाठी केलेल्या पुस्तकाने फारसी जपून ठेवली.

नव्या शब्दांचे नशीबही गमतीचे. पेशवा हा शब्द परत आला आणि १८१८ पर्यंत राज्य करून गेला. सचिव आणि मंत्री मात्र आपल्या काळात पुन्हा रुजले. मुंबईचे सचिवालय १९७५ साली मंत्रालय झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, तेव्हा ते सचिवालयच होते. पूरग्रस्ताने दाद मागायची ती सचिवालयाकडे, आणि अर्जात लिहायचे ते नुकसान, पंचनामा, मालक, वारस आणि तारीख.