आवाज हरवलेली प्रतिमा

कलावंत जातो, चित्रपट मागे उरतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तो कोणत्या अवस्थेत उरतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मूळच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या घराण्यात जन्मलेल्या स्मिता पाटील यांचे चरित्र याच प्रश्नापाशी येऊन थांबते.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव स्वातंत्र्यसैनिक व पुढे राज्याचे मंत्री. आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या आरंभीच्या काळात स्मिता पाटील तेथे बातम्या वाचू लागल्या. पडदा वीतभर, चित्र कृष्णधवल, आवाज एका लहानशा कर्ण्यातून येणारा. जे काही पोहोचवायचे ते चेहरा आणि स्वर यांनीच. श्याम बेनेगल यांनी त्यांना हेरले ते याच घरगुती पडद्यावर.

१९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले; दहा लाखांचे हे भांडवल म्हणजे सहकाराचा एक अपूर्व प्रयोग होय. ‘भूमिका’ व ‘चक्र’ यांतील अभिनयासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जब्बार पटेल यांनी एकच कथा मराठीत ‘उंबरठा’ आणि हिंदीत ‘सुबह’ म्हणून मांडली, तेव्हा दोन्हींची नायिका त्याच होत्या. भाषा बदलली, माणूस बदलले नाही.

१३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८८ मध्ये आलेल्या ‘वारिस’मध्ये चेहरा त्यांचा, पण आवाज रेखा यांचा आहे. निर्मात्यापुढे दुसरा मार्ग नव्हता आणि आवाज देणारी अभिनेत्रीही थोर होती. तरीही ऐकणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते. अभिनयाचा निम्मा भाग श्वासात असतो, हे तेव्हा उमगते.

‘मंथन’ची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, ध्वनी मात्र एका प्रदर्शन-प्रतीवरून घ्यावा लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्यांवरून चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले आणि मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखविण्यात आला. त्या निगेटिव्हची आणि त्या प्रतीची जपणूक कोणी केली नसती, तर दोन-दोन रुपयांनी उभे राहिलेले ते धन मातीमोल झाले असते.

जळगाव-धुळ्याच्या घरांतून आज मोठे पडदे आले आहेत; पण त्यांवर पुष्कळदा पुसट, खरखरणाऱ्या नकलाच पाहिल्या जातात. फुकट मिळते म्हणून निकृष्ट स्वीकारणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. येथील महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी चांगल्या प्रती रीतसर मिळवून दाखविल्या, तर खर्च थोडाच येईल. शिरपूरच्या या लेकीला तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकण्याचा हक्क खानदेशातील नव्या पिढीलाही आहे.