दख्खनच्या कुत्र्यांची नोंद ठेवणारा कर्नल

नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल पाहून परतताना वाटेत एखादे लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे पिल्लू मागे लागले, तर शहरी मनाला मोह पडणारच. असे पिल्लू निम्मे गावठी आणि निम्मे लमाण तांड्यावरचे किंवा धनगरवाड्यावरचे असू शकते. ते घरी नेण्यापूर्वी तांड्यावरचा कुत्रा कोणत्या कामासाठी वाढवला गेला, हे जाणून घ्यायला हवे. या कुत्र्याची शास्त्रीय नोंद करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत एक लष्करी अधिकारी होता. पक्षिनिरीक्षकांना आपल्या नावाच्या चंडोलामुळे परिचित असलेले हे कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० चा. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले, मराठी व हिंदुस्थानी शिकले आणि पेशवाईच्या अखेरच्या लढायांत कंपनीच्या बाजूने लढले. आपल्या दृष्टीने ते जेत्यांच्या गोटातले, हे विसरता येत नाही. मात्र १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपवले आणि तलवारीच्या जागी वही आली. लोकसंख्या, जमीनधारा, हवामान, पक्षी, मासे असे सारे त्यांनी टिपले. १८२९ मध्ये सरकारने हे पदच रद्द केले. तरीही साइक्स यांनी विनावेतन काम चालू ठेवले आणि १८३१ च्या जानेवारीत ते पूर्ण केले.

त्याच वर्षी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची त्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. कोळसुंद्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी दख्खन गुंफले, तर खोकडाच्या नावात मराठी शब्दच ठेवला. (कोळसुंद्याचे वर्णन पालास यांनी १८११ मध्येच केले होते, त्यामुळे जातीचे नाव त्यांचे राहिले.) साइक्स यांचे वेगळेपण असे, की त्यांनी पाळीव कुत्र्यांनाही या यादीत जागा दिली. ताकदीने व आकाराने त्यांनी पहिला मान बंजाऱ्यांच्या कुत्र्याला दिला. तो इराणी ग्रेहाऊंडसारखा, पण अधिक दणकट. कुणाच्याही मालकीची नसलेली गावकुत्री, त्यांच्यातच आढळणारी आखूड वाकड्या पायांची कुत्री, आणि मशाल व कंदील तोंडात धरून चालायला शिकवलेली पांढरी, रेशमी केसांची लहानगी कुत्रीही त्यांच्या नजरेतून सुटली नाहीत.

नळदुर्ग तेव्हा निजामाच्या मुलखात होते, म्हणजे साइक्स यांच्या पाहणीच्या हद्दीबाहेर. पण धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचे तांडे सरहद्द ओलांडून फिरत आणि कुत्रीही त्यांच्यासोबत जात. त्या कुत्र्याचे काम राखणीचे. धनगराचा कुत्राही मुख्यतः लांडग्यापासून कळप राखतो. इंग्रजी कोलीसारखी मेंढ्या वळवून आणण्याची कामगिरी त्याच्याकडून अपेक्षित नसते. रात्री जागणे, परक्यावर संशय घेणे आणि स्वतःच निर्णय घेणे हे त्याच्या घराण्याचे गुण. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हेच गुण शेजाऱ्यांच्या तक्रारी ठरतात. मिश्र पिल्लात यातले काय उतरेल, हे आधी सांगता येत नाही.

साइक्स मायदेशी परतले, १८४० मध्ये कंपनीचे संचालक झाले, पुढे अॅबर्डीनतर्फे पार्लमेंटमध्ये निवडून आले. १८७२ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. त्यांत हिमालयातला मेंढपाळ कुत्रा होता, मुधोळचा शिकारी होता. आमच्या धनगराचा कुत्रा मात्र नव्हता.

त्याची माहिती आजही मिळते ती बहुतेक वाड्यावर आणि तांड्यावरच. पिल्लू नेणाऱ्याने त्याची आई पाहून यावी, आणि ती रात्री कुठे झोपते एवढे तरी मालकाला विचारावे.