ब्रह्मदेशातून बाबासाहेबांनी काय आणले?

आपल्या विहाराचा वर्धापनदिन आला की गंगापूर रोडवरच्या या गल्लीला निराळीच शोभा येते. पंचशील ध्वज लागतात, पांढऱ्या साड्यांतल्या उपासिका पहाटेपासून खिरीच्या तयारीला लागतात, आणि संध्याकाळी रोषणाई पाहायला बाहेरची माणसंही थांबतात. अलीकडे आपल्यातली काही कुटुंबं थायलंड, म्यानमार, कंबोडिया अशी यात्रा करून आली. बँकॉकची विहारं, यांगूनचा सोन्याचा पॅगोडा, अंकोरची दगडी देवळं यांचे फोटो त्यांनी आम्हा सर्वांना मोठ्या हौसेने दाखवले. ते पाहताना आमच्या मनात एक विचार आला. आपले उद्धारकर्ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेसुद्धा त्या देशांपैकी एका देशात गेले होते. त्यांनी तिथे काय पाहिले आणि येताना काय आणले? या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र आम्ही त्या अंगाने सांगत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बुद्धाची ओळख ती अशी, एका पुस्तकातून झाली. पुढे शिक्षणासाठी ते न्यूयॉर्कला आणि लंडनला गेले. पश्चिमेचा प्रवास तरुणपणीच घडला. पूर्वेकडे जायला मात्र फार वर्षं जावी लागली, आणि मधल्या काळात आपलं नाशिक येतं.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या मंदिराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. चारही दरवाजे बंद केले गेले आणि चारही दरवाजांसमोर आपली माणसं, बायाबापड्यांसह, बसून राहिली. दादासाहेब गायकवाडांनी नेटाने तो लढा पुढे चालवला. वर्षांमागून वर्षं गेली, पण दार काही उघडलं नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. दार उघडण्याची वाट पाहण्याचे दिवस तिथे संपले.

धर्म सोडायचा हे ठरलं, पण कुठे जायचं हे ठरायला एकवीस वर्षं लागली. ती वर्षं काही रिकामी गेली नाहीत. अभ्यास चालूच होता आणि मन बुद्धाकडे ओढ घेत होतं, हे नावांवरूनसुद्धा दिसतं. दादरच्या घराला त्यांनी राजगृह हे प्राचीन मगधाच्या राजधानीचं नाव दिलं होतंच. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं, त्याचं नाव सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव मिळालं.

मे १९५० मध्ये, देशाचे कायदेमंत्री असताना, ते माईसाहेबांसह सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. कँडीला जागतिक बौद्ध परिषदेची स्थापना होत होती आणि २७ देशांचे प्रतिनिधी जमले होते. बाबासाहेब तिथे प्रतिनिधी म्हणून बसले नाहीत. बौद्ध माणसं वंदना कशी करतात, त्यांचे विधी कसे असतात आणि हा धम्म लोकांच्या रोजच्या जगण्यात जिवंत आहे की नुसता उत्सवापुरता उरला आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

चार वर्षांनी, १९५४ साली, ते ब्रह्मदेशाला एकदा नव्हे तर दोनदा गेले. ते वर्ष त्यांना सोपं नव्हतं. मंत्रिपद केव्हाच सोडलेलं, १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत हार झालेली, आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही अपयश आलेलं. मधुमेह होता आणि पाय साथ देत नव्हते. तरी त्याच मे महिन्यात ते बुद्धजयंतीसाठी रंगूनला गेले.

त्या वैशाख पौर्णिमेला रंगूनमध्ये सहावी धम्मसंगीती सुरू होत होती. पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारने त्यासाठी मोठी कृत्रिम गुंफा बांधली होती. पहिली संगीती राजगृहाच्या सप्तपर्णी गुंफेत झाली, तिच्या आठवणीने ही महापाषाण गुंफा उभी केली गेली. तिथे भिक्खूंनी दोन वर्षं त्रिपिटकाचा शब्द न् शब्द तपासला. त्याच शहरात टेकडीवर सोन्याने मढवलेला श्वेडगॉन पॅगोडा आहे, उंची जवळजवळ १०० मीटर. त्यालाही चार दिशांना चार वाटा आहेत. चपला काढायच्या आणि वर जायचं, तुमची जात कोणती हे विचारायला दारात कोणी उभा नाही. नाशिकच्या चार दरवाजांसमोर बसलेल्या आपल्या माणसांना त्या चार वाटांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

डिसेंबर १९५४ मध्ये तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते आजारी असूनही पुन्हा रंगूनला गेले. आपण असतो तर सोन्याचे कळस पाहूनच हरखून गेलो असतो. बाबासाहेब श्रद्धेने गेले होते, पण डोळे उघडे ठेवून. ब्रह्मी आणि सिंहली लोकांची श्रद्धा त्यांना मोठी वाटली. मात्र उत्सवाच्या सजावटीवर होणारा अफाट खर्च त्यांना खटकला. तो पैसा ज्या देशांत धम्म पोचलेला नाही तिथल्या प्रचाराला लागावा, असं त्यांनी पाहुणे असूनही यजमानांना स्पष्ट सांगितलं. धम्माच्या जन्मभूमीत तो पुन्हा रुजवायचा तर काय काय करावं लागेल, याचा आराखडाही त्यांनी तिथल्या बौद्ध शासन मंडळापुढे ठेवला.

येताना सोबत आली रंगूनची बुद्धमूर्ती. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोडला त्यांच्या हस्ते तिची स्थापना झाली. तिथेच त्यांनी सांगितलं की साध्या माणसाला कळेल असा बुद्धधम्मावरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत. ब्रह्मदेशात मंडालेला, जिथे लोकमान्य टिळक तुरुंगात होते त्या गावी, मिंडोन राजाने संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं होतं. बाबासाहेबांना हवं होतं ते झोपडीतल्या माणसाच्या हातात मावणारं एक पुस्तक.

मूर्तीपाठोपाठ ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ते चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातलेच. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची परिषद, परतताना सारनाथ आणि कुशीनगर, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ मध्ये छापून आला. तो हातात घ्यायला बाबासाहेब राहिले नाहीत.

मूर्ती, संघटना आणि ग्रंथ, एवढं त्यांच्या त्या प्रवासातून आपल्या पदरात पडलं. आता आमच्याकडे पाहू. खरं सांगायचं तर मागच्या वर्धापनदिनाला आमच्या विहाराचा मंडपावर आणि लायटिंगवर जेवढा खर्च झाला, त्याच्या चौथा हिस्साही पुस्तकांवर झाला नाही. अभ्यासिकेतल्या दोन ट्यूबलाइट पावसाळ्यापासून बंद आहेत आणि रविवारच्या मुलांच्या वर्गाला शिकवणारं माणूस मिळत नाही. रोषणाई नको असं आमचं म्हणणं नाही, सणाला घर उजळावंच. पण बाबासाहेब आज आमच्या दारात उभे राहिले, तर त्यांनी आधी त्या दोन ट्यूबलाइटबद्दल विचारलं असतं.

ज्यांना जमेल त्यांनी ब्रह्मदेश, थायलंड जरूर पाहावं. फोटो आणा, मूर्ती आणा. मात्र परतल्यावर एक रविवार मुलांच्या वर्गाला द्या आणि तिथे काय पाहिलं ते त्यांना सांगा. आपल्या विहाराला दार एकच आहे, पण ते सगळ्यांना उघडं आहे. आत आलेल्याला काही शिकून जाता यावं, एवढं आपण सर्वांनी मिळून करू या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!